सतरा नंबरचा श्वास

सतरा नंबरच्या इमारतीने सकाळी दहाला श्वास रोखला, तो दुपारचे तीन वाजले तरी सोडला नव्हता.

चूक भालचंद्र रसाळांची. कराडच्या फोटो स्टुडिओत चाळीस वर्षं काढलेला माणूस. लेकीकडे पोलंडला आला आणि साम्यवादी काळातल्या अकरा मजली करड्या इमारतींच्या प्रेमात पडला. लोकांना ती खुराडी वाटायची, यांना त्यांत कला दिसायची. आज ट्रायपॉड लावला आणि गिऱ्हाइकाला सांगावं तसं सवयीने बोलून गेले, "हलू नका. श्वास रोखा." इमारत जुन्या राजवटीत वाढलेली, हुकूम कुठल्याही भाषेतला असो, तिला कळायचा. लिफ्ट थांबली, नळ बंद पडले, खालचे दरवाजे घट्ट बसले.

फोटो निघाला की ती श्वास सोडणार होती. पण फोटो निघेना, कारण दोनशे सोळा खिडक्यांपैकी एक बंद होती. सहाव्या मजल्यावरची, त्यांच्या लेकीची, केतकीची.

गृहनिर्माण कचेरीतल्या हलिनाबाई शिक्का घेऊन आल्या. "काढा ना एकदाचा."

"एक डोळा मिटलाय."

"अस्सं. मग कसा काढणार?" बाईंनी तशी नोंद केली.

भालचंद्ररावांचं डोकं चालेना. चार वाजता केतकीचं मारेक नावाच्या पोराशी रजिस्टर लग्न होतं. 'मी येणार नाही,' असं ते पंधरा दिवसांपूर्वी ठणकावून बसले होते आणि तेव्हापासून बापलेकीचा अबोला होता. हे लग्न होऊ नये असं सकाळपर्यंत त्यांना वाटत होतं. आता पोरगी आत अडकल्यावर आपल्याला नेमकं काय वाटतंय, तेच त्यांना कळेना. हलिनाबाईंना विचारावं, तर त्यांच्याकडे तसा फॉर्म नव्हता.

तळमजला निळा पडू लागला. त्यांनी फोन लावला.

"खिडकी उघड गं."

"कशाला?"

"इमारतीचा फोटो काढायचाय."

"माझा नाही ना? मग राहू दे बंद."

"अगं, तिचा जीव जाईल. तुझं लग्न राहील."

"राहू दे. तुम्हाला तेच हवंय ना, बाबा?"

निळा रंग दुसऱ्या मजल्यावर चढला. 

"नाही गं, नकोय मला ते. येतो मी. इस्त्रीचा कोट घालून येतो."

तिने फोन ठेवला. मग खिडकी उघडली. हिरव्या साडीतली केतकी दिसली आणि त्यांनी बटण दाबलं. इमारतीने असा सुस्कारा टाकला, की समोरच्या अठरा नंबरचे वाळत घातलेले कपडे उडून ट्रामच्या रुळांवर पडले.

सव्वाचारला रजिस्टर कचेरीच्या अंगणात सह्या झाल्या. भालचंद्ररावांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि जमलेल्यांना हात करून म्हणाले, "घरची माणसं पुढे, उंच मंडळी मागे."

मारेकचे दोन मामा मागे सरकले. त्यांच्या मागे सतरा नंबरची इमारत येऊन उभी राहिली.

"बाबा, घरची माणसं पुढे म्हणालात ना?" केतकीने आपल्या शेजारची जागा दाखवली.

हलिनाबाईंनी इमारतीची गैरहजेरी साडेपाचपर्यंत मंजूर केली आणि भालचंद्ररावांच्या हातून कॅमेरा घेतला.