अक्काचं कोरं तेल

माझ्या लग्नात तात्या अक्षतांच्या आधी आचाऱ्याकडे गेले. भज्यांच्या तेलाच्या डब्यातलं थोडं तेल त्यांनी खिशातल्या बाटलीत ओतून घेतलं आणि न जेवता निघून गेले. चौथ्या दिवशी त्यांचा आहेर आला: लॅबचा अहवाल, फ्रेम केलेला. 'कीटकनाशकाचे अंश आढळले नाहीत. नांदा सौख्यभरे.' तो अजून आमच्या हॉलमध्ये टांगलेला आहे. पाहुण्यांना काय सांगायचं, ते आमचं ठरलेलं नाही.

तात्या आणि मी बारामतीच्या एका लॅबमध्ये खाद्यतेलं तपासतो. कीटकनाशकांचे अंश शोधण्याआधी मशीनला एक बिनफवारणीचं तेल दाखवावं लागतं, म्हणजे स्वच्छ कशाला म्हणतात ते त्याला कळतं. तात्या त्याला 'कोरं' म्हणतात. "आधी कोरं, मग बोला," हे त्यांचं पालुपद साहेबांनाही ऐकावं लागतं. आमचं कोरं यायचं निरवांगीहून, त्यांच्या थोरल्या बहिणीच्या करडईचं. "अक्कानं जन्मात पाठीला पंप लावला न्हाय," असं ते येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत.

यंदा नव्या करडईचं तेल आलं आणि मशीनच्या पडद्यावरच्या सरळ रेषेला टेंगूळ आलं, म्हणजे तेलात कीटकनाशक होतं. तात्यांनी तीनदा तपासलं. टेंगूळ तिथंच. दुसऱ्या कुणी बहिणीसाठी डोळेझाक केली असती. यांनी स्वतःच्या हाताने कॅनवर लिहिलं, 'कोरं नाही'. मला त्यांचा फार अभिमान वाटला आणि फार वाईटही वाटलं.

रविवारी ते मला घेऊन निरवांगीला गेले. अक्का चुलीपाशी भजी तळत होत्या. तात्यांनी फवारणीचं विचारलं, तसा त्यांचा झारा थांबला.

"करडईवर मावा पडला हुता रं. पीक गेलं आसतं, तर तुझ्या मशीनला त्याल कुठनं दिलं आसतं? म्हनून मारलं औषध, एकदाच. कळलं व्हय तुला?"

"कळलं."

"मग आता माझं त्याल न्हाय चालायचं?"

"कोरं म्हनून न्हाय चालायचं, अक्का."

म्हातारीचं तोंड एवढंसं झालं. अंश अगदी किंचित होता, खाण्याच्या मर्यादेच्या बराच आत. पण इतकी वर्षं भावाला हौसेनं पुरवलेलं तेल आज नापास झालं होतं.

तेव्हा माझ्या लग्नात पाण्याशिवाय काही न घेतलेल्या या माणसाने कढईतून नुकतंच काढलेलं भजं उचललं.

"तात्या, आरं, त्याच त्यालातलं हाय ते!"

"म्हाईत हाय," ते म्हणाले आणि आणखी दोन घ्यायला ताटली पुढे केली.