थांबलेली लिफ्ट

"सर, ही लिफ्ट दुरुस्त का करत नाही?"

हा प्रश्न विचारून दाखव, अशी पैज मैत्रिणींनी लावली होती. शाळेची सहल शहरातल्या सर्वांत जुन्या हॉटेलात गेली होती आणि मॅनेजर आम्हाला त्याचा उज्ज्वल इतिहास दाखवत होते. मी विचारला. तोही, तिथले मेकॅनिक म्हणजे माझे बाबा, मागे पान्हा धरून उभे असताना.

मॅनेजर गोड हसले. "बाळ, ती बंद पडलेली नाही. ती थांबलेली आहे."

दुरुस्त करायचा आळस वर्षभर केला तर त्या वस्तूला भंगार म्हणतात आणि पन्नास वर्षं केला तर वारसा, हे थोर सत्य मला तिथे कळलं. या लिफ्टमध्ये एकदा एक राजपुत्र तळमजल्यावरच तासभर अडकला होता (आतून तो काय ओरडत होता, याची इतिहासाने नोंद घेतलेली नाही). तेव्हापासून ती तशीच. न येणारं गरम पाणी हाही वारसा. मधोमध खचलेली गादी तर एका थोर गायिकेच्या मुक्कामाचा पुरावा. त्या खोलीचं भाडं दुप्पट. सगळं धड चालतं अशी एकच खोली आहे. ती सवलतीत देतात, तरी कुणी घेत नाही.

बाबांना मात्र माझा प्रश्न लागला. पोटच्या पोरीनं, चारचौघांत! त्याच संध्याकाळी त्यांनी लिफ्ट चालू केली.

दुसऱ्या दिवशी एक पाहुणे फोटो काढायला तिच्यात शिरले आणि थेट चौथ्या मजल्यावर पोचले. त्यांनी तक्रार केली. (हसू नका. तुम्हीही केली असती.) बाबांना नोटीस आली : 'ऐतिहासिक बिघाडाची नासधूस केल्याबद्दल. लिफ्ट पूर्ववत बंद करावी, अन्यथा नोकरी सोडावी.'

"बिघडवून टाका की," आई म्हणाली. "घर चालायला हवं ना?"

"अगं, जन्मभर दुरुस्त करायला शिकलो. बिघडवायचं कुणी शिकवलंच नाही," बाबा म्हणाले, आणि तरीही पान्हा पिशवीत भरायला लागले.

मी पिशवी ओढून घेतली.

"आई, बाबा, माझं ठरलंय. उद्या मी शाळा बुडवून तुमच्याबरोबर येणार. मॅनेजर चौथ्या मजल्यावर बसतात ना? ही नोटीस त्यांना परत द्यायला आपण लिफ्टनंच जायचं. आणि दारात कुणी फोटोसाठी मान वाकडी करून उभं असेल, तर मी सरळ सांगणार, 'जरा सरका. आम्हाला वर जायचंय.'"