करडी पॅन्ट आणि दहा मिनिटांचं संभाषण

भाषेच्या प्राध्यापकांनी जेवणाच्या टेबलावर रेकॉर्डर ठेवला आणि घरच्यांना फर्मावलं, "हं, आता नेहमीसारखं बोला!"

झालं. एरवी ज्या घरात कोणी कोणाचं ऐकून घेत नसे, त्या घराची दातखीळच बसली.

दुसऱ्या दिवशी प्राध्यापकांना 'संभाषणाचं विश्लेषण' या नव्या विषयाचा पहिला तास घ्यायचा होता. प्राचार्यबाई स्वतः येऊन बसणार होत्या. पोरं कंटाळली तर विषय बंद, असं त्यांनी बजावलं होतं. म्हणून खरंखुरं घरगुती बोलणं हवं होतं.

प्राध्यापकांचे वडील आत जाऊन कोट घालून आले. "उपस्थित सर्वांना माझा नमस्कार."

"बाबा, फक्त आवाज रेकॉर्ड होतोय!"

"म्हणून काय बनियनवर बोलू?"

"मातोश्री," मुलगी म्हणाली, "कृपया मीठ देता का?"

"अहो, ती करडी पॅन्ट—" बायकोनं सुरुवात केली.

"पॅन्ट काय पॅन्ट! जरा बरं काहीतरी बोल!"

"बरं. आज हवा छान आहे."

"असं नाही गं, नैसर्गिक!"

"तेच करतेय. अहो, ती करडी पॅन्ट—"

"मधे बोलू नकोस!"

अशी दहा मिनिटं गेली. पुन्हा रेकॉर्ड करायचं म्हटल्यावर वडील भाषण लिहायला बसले, तेव्हा प्राध्यापकांनी नाद सोडला.

सकाळी वर्गात त्यांनी फळ्याकडे वळून लिहिलं, 'कोण बोलतं? कोण कोणाला तोडतं?' मागे खसखस पिकली. पोरांना विषय आवडला, या आनंदात त्यांनी अख्खा फळा भरला. मग कालचंच रेकॉर्डिंग लावलं.

"सर, तुम्ही चौदा वेळा मधेच तोडलंत," एकजण म्हणाला.

पहिल्या बाकावरची मुलगी उठली. "मॅडम नऊ वेळा 'ती करडी पॅन्ट' म्हणाल्या. वाक्य एकदाही पुरं झालं नाही. पण पुढचं आम्हाला कळलं, सर."

"कसं काय?"

"तुम्ही फळ्याकडे वळलात ना, तेव्हा."

प्राध्यापकांचा हात हळूच मागे गेला. तिथे चांगली वीतभर शिवण उसवली होती. ते भिंतीला जे टेकले, ते तास संपेपर्यंत हलले नाहीत.

"विषय चालू राहील," प्राचार्यबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "पोरांचं लक्ष आहे."

प्राध्यापक पाठीमागे फाईल धरून घरी आले आणि खुर्चीत कोसळले. "बोल. आता मी मधे बोलणार नाही."

"ती करडी पॅन्ट मागून उसवलीय, घालू नका."

"अगं, मग काल स्पष्ट सांगायचंस ना!"

बायकोनं शांतपणे रेकॉर्डर त्यांच्यासमोर ठेवला आणि बटण दाबलं.

"हं, आता हेच परत बोला. नेहमीसारखं."