आवाजाची घडी घालणारे वासूभाऊ

आमच्या मालेगावात पाहुण्याला आधी पाणी देतात. वासूभाऊ आधी हेडफोन देतात. तुम्ही चपला काढता काढताच तो तुमच्या डोक्यावर बसतो, एकच आवाज दोन तऱ्हांनी वाजतो आणि समोरून प्रश्न येतो, "बोला सर, पयला चांगला का दुसरा?" उत्तर दिल्याशिवाय चहा नाही. मी भिंतीला भिंत लावून राहतो, त्यामुळे चहा बहुतेक वेळा माझ्याच घरून जातो, ही गोष्ट वेगळी.

बरं, आवाज तरी कसले? मळणीयंत्राचा, बाजार समितीतल्या लिलावाचा, माझ्या बायकोच्या कुकरचा. कुकरसाठी हा गृहस्थ आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी माइक धरून उभा होता. "वयनी, अजून एक शिट्टी होऊ द्या ना," असं करत करत आमच्या वरणाचा पार लगदा झाला.

वासूभाऊ वेडे नाहीत. पुण्याच्या एका कंपनीचं काम घरी बसून करतात, एकटेच असतात, लग्नाच्या भानगडीत पडले नाहीत. त्यांचा ध्यास एकच, कोडेक. म्हणजे बोललेल्या आवाजाची घडी घालून तो नेटवर्कवरून पाठवायचा आणि पलीकडे उलगडायचा, ती सोय. ओपस, स्पीक्स, व्होर्बिस अशा तिच्या फुकट मिळणाऱ्या लायब्रऱ्या, म्हणजे तयार प्रोग्राम, आहेत. त्यांचं आतलं सगळं उघडं. कुणीही पाहावं, कुणीही बदलावं. त्यांतली आपल्या कामाची कोणती, हे ठरवायला भाऊ वर्षभर खपत होते. घाई करा म्हटलं तर म्हणायचे, "सोयरीक पाहून राह्यलो सर. घाईत पोरगी देते का कोनी?"

हे सारं चाललं होतं मायसाठी. माय इंझोरीला थोरल्या मुलाकडे राहते आणि मळ्यातली मेथी-वांगी सोडून मालेगावला यायला तयार नाही. घशाच्या ऑपरेशननंतर तिचा आवाज गेला, नुसती कुजबुज उरली. त्यात मळ्यात नेटवर्क नावालाच. तरी वासूभाऊ रोज संध्याकाळी ओट्यावर बसून फोन लावायचे आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं "हो माय! हो हो!" ओरडायचे. एकदा मी विचारलं, "काय म्हणते माय?"

"काय मालूम सर. नुसती हवा आल्यावानी वाटते. पन हो म्हनलं का तिले बरं वाटते."

त्यानंतर मी निमूटपणे हेडफोन घालू लागलो.

अखेर गल्लीतल्या सगळ्यांच्या मतांनी एक लायब्ररी दणक्यात निवडून आली. भाऊंनी तिच्यावर फोनचं अ‍ॅप बांधलं, मोटरसायकलवर इंझोरी गाठली, मायच्या मोबाईलमध्ये ते घालून आले. संध्याकाळी फोन लावला. परत हवाच!

गोम अशी निघाली, की निवडून आलेल्या लायब्ररीचे नमुने भाऊंकडून जरा मोठ्या आवाजात भरले गेले होते. आणि आमचे कान पडले लग्नातल्या डीजेवर वाढलेले. मोठा तोच चांगला, यापलीकडे आम्हाला काय कळतं? "तुमचं सगळ्याइचं मत बाद!" भाऊ माझ्यावरच उखडले. वरण गेलं ते गेलंच, वर मतही बाद.

मग त्यांनी सगळे नमुने एका पातळीवर आणले, मळणीयंत्र आणि कुकर काढून टाकले आणि थेट मायची कुजबुज रेकॉर्ड करून आणली. आता ओपस पुढे गेलं, पण तरी वाक्यंच्या वाक्यं गायब व्हायची. शोधता शोधता चोर घरातच सापडला. थोडक्या नेटवर्कात भागावं म्हणून भाऊंनीच हौसेनं एक सोय चालू केली होती: कुणी बोलत नसेल तेव्हा आवाज पाठवायचाच नाही.

"सर, माय बोलून राह्यली अन् हे समजते का कोनीच बोलत नाई!" भाऊंचे डोळे भरून आले होते. त्यांनी ती सोय तिथल्या तिथे बंद केली.

त्या संध्याकाळी अर्धी गल्ली ओट्यावर जमली. फोन स्पीकरवर होता.

"माय! आयकू येते का?"

पलीकडून बारीक, पण लख्ख आवाज आला. "मले तं पयलेपासूनच येते. इतक्या जोरानं काहून बोंबलून राह्यला?"

काय सांगू! भाऊंनी अशी आरोळी ठोकली की समोरच्या दुकानातली गिऱ्हाइकं धावत आली. माझ्या बायकोनं गूळ वाटला. लोक वासूभाऊंची पाठ थोपटून दमले.

मी सोडून सगळे पांगल्यावर भाऊ फोनवर हळूच म्हणाले, "माय, इतके दिवस मले काईच आयकू येत नव्हतं वं. मी उगाच हो हो म्हनत होतो."

"मालूम हाये मले."

"मंग तू कायले बोलत होती?"

"नाई बोलली असती तं तू फोन ठेवला असता."

भाऊंनी नाक पुसलं आणि वांग्यावरच्या अळीचं काय झालं म्हणून विचारलं. मायनं कोणतं औषध फवारलं ते सांगितलं. भाऊंना ते पटलं नाही. मी घरात शिरलो तेव्हा माय-लेकांचं कडाक्याचं भांडण जुंपलं होतं, आणि दोघांपैकी कुणीच माघार घ्यायला तयार नव्हतं.