नाना म्हात्रे आणि बंद पडलेलं हृदय

आमच्या शेजारचे नाना म्हात्रे मयताला गेले की आधी मयताची नाडी बघतात. तिरडी बांधणारे थांबतात, नाना मनगट धरून मिनिटभर उभे राहतात आणि मग म्हणतात, "हां, बांधा." चौलात आता याचं कुणाला काही वाटत नाही. मुलांनो, सुट्टीत तुम्ही घरी आलात की तुमचीही नाडी बघतील. हात पुढे करा, वाद घालू नका.

नानांचा जन्म बर्फाच्या कारखान्यात गेला. पाच वर्षांपूर्वी त्यांची बायको सुलभा अंगणात कोसळली. नाना तिची छाती दाबत राहिले. अर्ध्या तासाने मेव्हण्याने त्यांना ओढून बाजूला केलं. आपण लवकर थांबलो का, हा प्रश्न तेव्हापासून त्यांना सोडत नाही. बंद पडलेलं हृदय चालू करण्याच्या नव्या प्रयोगांविषयी इंग्रजीत काही छापून आलं, की नाना कात्रण घेऊन माझ्याकडे वाचून घ्यायला येतात; त्यांना इंग्रजी येत नाही. शरीर गार केलं तर मेंदू जास्त तग धरतो, असं एकदा आलं होतं.

"हे तर आम्ही सुरमईवर चाळीस वर्षं करतोय," नाना म्हणाले.

गेल्या महिन्यात रेवदंड्याला मासळीच्या लिलावात हिराबाई कोळीण भोवळ येऊन पडली. घाईत नाना नेमके नाडी बघायला विसरले. दोन पाट्या बर्फ तिच्यावर ओतला आणि छातीवर हात टेकणार, तोच बाई उठून बसली. चतुर्थीचा उपास होता, इतकंच.

"मुडद्या, मी काय पापलेट हाय?"

"गार असलं की वेळ मिळतो, बाय."

"मग तुज्या बायकोला घालायचा व्हतास."

हिराबाईने जीभ चावली. नाना खाली बसून बर्फ पाटीत भरू लागले.

दुसऱ्या दिवशी ते नवीन कात्रण घेऊन आले. "वैनी, सगळं वाचा. गाळू नका."

मी वाचलं. रक्त बाहेर काढून मशीनमधून फिरवायचं, प्राणवायू मिसळून परत शरीरात सोडायचं. निवडक रोग्यांसाठीच, मोठ्या इस्पितळात, तेही तासाभरात पोचलं तर.

"असं मशीन हितं कुठं?"

"मुंबईत असेल. इथून तासाभरात पोचणं होत नाही, नाना."

"आनि मी आजून दाबत ऱ्हायलो असतो तर?"

"तरीही ती वाचली नसती."

नाना कागदाकडे बघत राहिले. "हे त्यात लिवलंय, का तुम्ही सांगताय?"

तसं त्यात कुठेही नव्हतं.

"लिहिलंय," मी म्हणाले.

"मग त्या ओळीखाली रेघ मारून द्या."

मी पट्टी घेतली आणि त्यातल्या सगळ्यात लांब ओळीखाली सरळ रेघ मारून दिली.