पुढची भिंत

चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सुटलेल्या माणसाने आपल्या घराच्या भिंती न्यायालयात जमा कराव्यात, असा आमच्या तालुक्याचा नियम आहे. भिंत नसली, म्हणजे पोलिसांना झडतीसाठी वॉरंट आणावे लागत नाही. मुदत संपली की भिंती परत मिळतात, बहुधा चांगल्या स्थितीत.

माझ्या समोर राहणारा केरबा लोंढे स्टँडवरच्या मारामारीत दोषी ठरला आणि वर्षभराच्या हमीवर सुटला. त्याच्या बाजूच्या भिंती शेजाऱ्यांच्याही आहेत आणि मागे कातळ आहे. म्हणून बेलिफाने पुढची भिंत तेवढी नेली.

गुरुवारी केरबाची बायको रोहिणी दीड महिन्याच्या मुलीला घेऊन माझ्याकडे आली.

“बाई, फौजदार दिवसातून तीनदा येतात. हिला पाजायला घेतलं, की नेमके तेव्हाच डबे उघडून बघतात. मारामारी ह्यांनी केली, मी काय केलं? रविवारपर्यंत आडोसा झाला नाही, तर मी हिला घेऊन माहेरी जाते. मग ह्यांनी बसावं एकट्यानं वाऱ्यावर!”

तिचे म्हणणे रास्त होते. मी नियमावली मागवून वाचली. निर्दोष व्यक्तीच्या भिंतीपलीकडे पाहण्यास वॉरंट लागते, असे कलम सातमध्ये स्वच्छ लिहिले होते. मी निर्दोष आहे. आमच्या दोन्ही घरांचे माप एक आहे. मी माझी पुढची भिंत, दारासकट, रोहिणीला वापरण्यास दिली आणि तसे लिहून दिले.

“बाई, तुमच्याकडे पाऊस आत आला तर?” भिंतीचे एक टोक उचलताना केरबाने विचारले.

“मी मागे सरकेन. तू भिंत सरळ धर.”

शनिवारी फौजदार नंदकिशोर भालेराव आला. सातवीत मी त्याची वर्गशिक्षिका होते.

“बाई, हे दार कुणाचं?”

“माझं. भिंतही माझी. वॉरंट आणलंस?”

“हमीवरच्या माणसाला वॉरंट लागत नाही, बाई.”

“माणसाला लागत नसेल, भिंतीला लागतं. कलम सात वाच. मोठ्याने.”

त्याने वाचले. मग टोपी काढून दार वाजवले.

“कोण आहे?” आतून रोहिणीने विचारले.

हा प्रश्न त्याला नोकरीत प्रथमच विचारला गेला असावा. त्याने पूर्ण नाव, हुद्दा आणि ठाणे सांगितले.

“मुलगी दूध पितेय. तासाभराने या. येताना वॉरंट आणा.”

मी माझ्या घरात परतले. तो रस्ता ओलांडून माझ्या घरासमोर आला.

“बाई, आता तुमच्या घराला पुढची भिंत नाही. नियमाने मी सरळ आत येऊ शकतो.”

“उंबरा आहे,” मी म्हणाले.

त्याने उंबऱ्याकडे पाहिले. बूट काढले, बाहेरच थांबला आणि खाकरला.

“नीट.”

तो पुन्हा खाकरला. मी त्याला आत घेतले आणि समोरच्या घराकडे पाठ होईल अशा खुर्चीवर बसवले.