बुडबुड्यांची पाहणी

कोणताही शोध मान्य होण्याआधी चार थोर माणसांनी त्यावर वाकून पाहावं लागतं. न पाहता मान्य झालेला शोध आणि न बोलावता आलेला पाहुणा, दोघांनाही पाट मिळत नाही.

साकोली तालुक्यातल्या एका कॉलेजात एकोडी गावच्या भावनाने वर्षानुवर्षं खपून एक काच तयार केली होती. काचेवर केसापेक्षा हजारपट बारीक काड्यांचा थर. पाण्यात बुडवून उन्हात ठेवली की जोडलेल्या तारेवर हायड्रोजनचे बुडबुडे धरत. (वीज लागत नसल्यामुळे काही बिघडलं तर लोडशेडिंगवर ढकलण्याची सोय नव्हती. शोधातली ही मोठीच उणीव.) पाहणी समितीला बुडबुडे दिसले तर काम पुढे चालणार, नाहीतर तिच्या प्रयोगशाळेचा पाहुण्यांसाठी विश्रामकक्ष होणार, असं ठरलं होतं.

मे महिना होता. भावनाने गच्चीवर काच पाण्यात सोडली, बुडबुडे सुरू झाले आणि तिचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात मांडववाले आले.

"सर, मांडव काहून टाकून राहिले? याले ऊन पाहिजे."

"काचेले पाहिजे," प्राचार्य लक्ष्मणराव म्हणाले, "पाहुण्यायले नाही."

शेवटी तडजोड झाली. काचेच्या बरोबर वर मांडवाला परातीएवढं भोक पाडण्यात आलं. सौरऊर्जेसाठी कॉलेजने केलेली ही एकमेव तरतूद.

समिती आली. हार झाले, नारळ फुटला. नव्या वस्तूला हळदकुंकू नको असं कसं चालेल? भावनाने काचेवर दोन्ही हात आडवे धरले, म्हणून ते टेबलाच्या पायाला लावलं. ("हळदही बारीकच असते," असं एका सदस्यांनी शास्त्रीय दृष्टीने सुचवून पाहिलं.)

मग पाचही सदस्य वाकले. परातीएवढ्या उन्हात पाच डोकी आली आणि बुडबुडे थांबले.

"बंद हाय का हे?" म्हणत सदस्य मागे सरले. ऊन पडलं, बुडबुडे सुरू.

"आले, आले!" भावना ओरडली. पाच डोकी पुन्हा आत. बुडबुडे बंद. जेवणाची वेळ होईपर्यंत हेच चाललं.

शेवटी तिला राहवलं नाही. "सर, जरा मांगं सरका ना. तुमचीच सावली पडून राहिली."

पाचही डोकी एकदम वर झाली. "पाहुण्यायले सरक म्हनते?" लक्ष्मणराव पुटपुटले.

अहवाल अत्यंत निःपक्षपाती होता: 'सदर यंत्र समितीच्या पाठीमागे चालते, समोर चालत नाही. शिस्तीचा अभाव.' समिती खाली वडाभात खात होती तेव्हा वर बुडबुड्यांचा नुसता खच पडला होता. ते पाहून भावनाला रडू आलं.

प्रयोगशाळेत आता दोन पलंग आणि एक कूलर आहे. काच गच्चीवरच्या टाकीआड, ओंजळभर उन्हात चालते. पाहायला कोणी आलं तर ती गप्प उभी राहते. 'सरका' म्हटल्यामुळे एकदा तिची खोली गेली आहे.

हे ऐकून तुम्हालाही फार वाईट वाटलं, हो ना? म्हणूनच तर इतके जवळ येऊन काचेवर वाकलात.